मुंबई ते लोद : अंतर तेच, वाट निराळी

(समाजाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



मागील महिन्यात आपल्या हिब्रूच्या वर्गातील एका मुलाने मला प्रश्न विचारला, “काका, मुंबईहून तेल अवीव किती लांब आहे?” मी म्हणालो, “सुमारे चार हजार पन्नास किलोमीटर.” त्याने लगेच दुसरा प्रश्न केला, “मग जायला किती वेळ लागतो?” या प्रश्नाला मला एका शब्दात उत्तर देता आले नाही. त्याच्या पणजोबांना लागलेला वेळ वेगळा, आजोबांना लागलेला वेगळा आणि त्याच्या मोठ्या बहिणीला लागलेला आणखी वेगळा. अंतर मात्र तिन्ही वेळी तेच होते. आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्या मुलाने दिला, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या धर्मशास्त्रातही हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. प्रवासाची प्रार्थना केव्हा म्हणावी? शास्त्र सांगते की निदान एक ‘पर्सा’ प्रवास असेल तर. एक पर्सा म्हणजे चार मैल, म्हणजेच पायी चालण्याची बहात्तर मिनिटे. पुढे आगगाडी आणि मोटार आल्यावर विद्वानांत वाद उत्पन्न झाला की पर्सा हे अंतराचे माप समजावे की वेळेचे? पायी चालणाऱ्याला दोन्ही एकच होते. वाहनात बसलेल्याला ती दोन वेगळी झाली. आपल्या कुटुंबांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या दोन मापांच्या मधल्या फटीत घडला आहे.

प्रथम अंतराचे पाहू. घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबईवर ठेवा, दुसरे लोद येथील बेन गुरियन विमानतळावर ठेवा आणि दोरा ताणून धरा. सपाट नकाशा येथे उपयोगाचा नाही, कारण गोलावरची सरळ रेघ नकाशावर वाकडी दिसते. ताणलेला दोरा अरबी समुद्र ओलांडतो, ओमानच्या टोकावरून जातो आणि संयुक्त अरब अमिरातींवरून पुढे सौदी अरेबियाच्या वाळवंटात शिरतो. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आहे. दुबई ते बेन गुरियन सुमारे २,१३० किलोमीटर आहे. दोहोंची बेरीज ४,०६० होते. मुंबईहून थेट मोजले तर अंतर ४,०५० भरते. म्हणजे दुबईला थांबून गेल्याने वाट फार तर दहा किलोमीटरने लांबते. ठाण्याहून मुलुंडला जाऊन परत यावे, एवढाच हा फेर!

ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी चकित झालो. आपल्या दोन घरांच्या मधोमध, जवळजवळ सरळ रेषेत, अमिरातींचा किनारा आहे. सृष्टीनेच ही वाट आखून ठेवली होती. तरीही कित्येक वर्षे आपण ती सोडून भलत्याच दिशांनी का हिंडलो, हे आज पाहायचे आहे.

जुन्या काळी या वाटेचे माप महिन्यांत होत असे. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरा आपण मुलांना सांगतो. त्या काळच्या समुद्रप्रवासात तास मोजण्याला काही अर्थ नव्हता. मोसमी वारा अनुकूल असेल तेव्हा निघायचे आणि तो उलटला म्हणजे परतायचे. त्या समुद्राने किती घरे बुडविली, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या पंडिताच्या घरचे आहे. रब्बी मोशे बेन मायमोन, म्हणजे रंबाम, यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदुस्थानाकडे निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्या दुःखाने रंबाम जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले होते, असे त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. याच रंबाम यांनी उतारवयात लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला. या लोकांना शास्त्र फारसे ठाऊक नाही, परंतु ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, असे त्यांनी नोंदविले. अनेक अभ्यासक हा उल्लेख आपल्या बेने इस्राएल समाजाचा मानतात. रंबाम यांचे नाव मी आज शेवटी पुन्हा घेणार आहे, म्हणून ते लक्षात असू द्यावे.

आता विमानाच्या युगाकडे येऊ. ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेज कंपनीने १९२९ मध्ये लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. प्रारंभी ही विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. १९३२ मध्ये इराणची परवानगी संपली आणि कंपनीला आखाताच्या दुसऱ्या, म्हणजे अरबी किनाऱ्यावर मुक्काम शोधावा लागला. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला. ५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हॅनो’ नावाचे चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे विमान शारजाच्या वाळूवर उतरले. प्रवाशांना रात्री मुक्काम करता यावा म्हणून तेथे गढीसारखे विश्रामगृह बांधण्यात आले आणि त्याच्या रक्षणाची व्यवस्था शेखांनी पत्करली. ती गढी आज ‘अल महत्ता’ या नावाने संग्रहालय म्हणून उभी आहे. विमाने उतरत त्या धावपट्टीवर आता शारजा शहराचा एक मोठा रस्ता झाला आहे. अमिरातींच्या भूमीवरील हे पहिले विमानतळ होय.

या घटनेनंतर अवघ्या दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. टाटांची ही सेवा इम्पीरियलच्या विमानांना जोडून आखलेली होती. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या ऑक्टोबर महिन्यात एक साखळी पुरी झाली. मुंबई, अहमदाबाद, कराची, ग्वादर, शारजा, बहरीन, कुवेत, बसरा, बगदाद, रुत्बा आणि गाझा. गाझा येथे इम्पीरियलचा थांबा होता आणि तेथून लोद साठ-सत्तर किलोमीटरच राहते. पुढे त्याच दशकाच्या मध्यास ब्रिटिशांनी लोद येथेच विमानतळ बांधला. ही विमाने ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरच्या वेगाने उडत. लंडनहून कराचीला पोहोचण्यास आठवडा लागे आणि भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. आपल्यापैकी फार थोड्यांनी त्या विमानांत पाऊल ठेवले असेल. तरी वाट होती, ती उघडी होती, आणि दोऱ्याने दाखविलेल्या रेषेच्या आसपासच होती.

ती वाट १९४८ नंतर बंद झाली. इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली, युद्ध झाले आणि अरब राष्ट्रांनी इस्राएलकडे जाणाऱ्या विमानांना आपली हवाई हद्द नाकारली. गंमत अशी की आपल्या समाजाला त्या वाटेची गरज नेमकी त्याच वेळी उत्पन्न झाली होती. आलियासाठी कुटुंबे निघाली. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग, पेण, पनवेल येथील घरे एकामागून एक रिकामी झाली आणि लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे मराठी बोलणारे मोहल्ले वसले. लोदचे तर नवल वाटते. जेथे विमान उतरले तेथेच, धावपट्टीच्या शेजारच्या गावात, आपले लोक राहिले. वाट बंद असताना तिच्या टोकालाच त्यांनी घर केले.

बंद वाटेची किंमत किलोमीटरमध्ये सांगता येते. उदाहरणार्थ, मुंबईहून रोमला जाऊन तेथून लोदला उलट आले तर सुमारे ८,४५० किलोमीटर होतात, म्हणजे सरळ अंतराच्या दुपटीहून अधिक. तेहरानहून तेल अवीवला विमाने होती, परंतु १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तीही थांबली. अदिस अबाबामार्गे गेले तर सुमारे ६,४०० किलोमीटर भरतात. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्राएलला मान्यता दिली होती, परंतु पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी जुळले. त्यानंतर एल आल कंपनीची थेट विमाने मुंबईला येऊ लागली. ‘थेट’ हा शब्द येथे जपून घ्यावा. ती विमाने तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला जात, येमेनला वळसा घालत आणि मग मुंबईकडे वळत. कमीत कमी धरले तरी साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक आणि जवळजवळ आठ तास.

बंधुभगिनींनो, आठ तास की पाच तास, हा सोयीचा प्रश्न झाला. परंतु आपल्या धर्मात काही प्रसंग असे आहेत की जेथे तासांचा हिशेब काळजाला भिडतो. आपल्यात दफनाला विलंब करीत नाहीत, आणि सुतकाचे दिवस सातच असतात. १९८० च्या सुमारास माझे आजोबा अलिबागजवळच्या आमच्या गावी वारले. त्यांचे धाकटे भाऊ लोदला राहत होते. तार पोहोचली, व्हिसाची कागदपत्रे झाली, युरोपात विमान बदलावे लागले, मुंबईहून पुढे पनवेल-पेणमार्गे एसटीने यावे लागले. ते दारात आले तो नववा दिवस होता. घरातील आरसे उघडले होते, खाली बसलेली माणसे उठून कामाला लागली होती. चुलत आजोबा ओटीवर बसले आणि आजीला म्हणाले, “वहिनी, मी रडायलाही वेळेवर आलो नाही.” मी तेव्हा लहान होतो. वाट लांब असणे म्हणजे काय, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकविले नाही. त्या ओटीवरच्या एका वाक्याने शिकविले.

या सगळ्या काळात मधला थांबा मुंबईला परका नव्हता. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच्या मोजणीचे चलन चालत असे. मुंबईच्या गोदीतून आखाताकडे नियमित बोटी जात, ‘द्वारका’ ही त्यांतील शेवटची बोट १९८२ पर्यंत चालली. शेख रशीद यांनी उभारलेला दुबईचा विमानतळ ३० सप्टेंबर १९६० रोजी उघडला, तेव्हा त्याची धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्मास आले. ऑक्टोबर १९८५ मध्ये एमिरेट्स कंपनीची विमाने उडू लागली आणि अगदी पहिल्या ठिकाणांत कराची, मुंबई आणि दिल्ली होती. महाराष्ट्रातील हजारो घरांतून माणसे नोकरीला दुबई-अबुधाबीला गेली. तीन तासांत दुबई गाठणे ही नित्याची गोष्ट झाली. परंतु १९७२ च्या कायद्याने अमिरातींनी इस्राएलवर बहिष्कार घातलेला होता. इस्राएली पारपत्र असलेल्या माणसाला तेथे प्रवेश नव्हता. अर्धी वाट उघडी होती आणि पुढची अर्धी बंद होती. मुंबईचा भाऊ दुबईपर्यंत येऊ शके, लोदचा भाऊ येऊ शकत नसे.

दार उघडण्याची पहिली चाहूल दिल्लीच्या बाजूने लागली. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून निघून सौदी अरेबियावरून बेन गुरियनला उतरले. प्रवासास साडेसात तासांच्या आसपास लागले आणि सुमारे दोन तास वाचले. इस्राएलकडे जाणाऱ्या प्रवासी विमानाला सौदीने उघडपणे वाट देण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मात्र ही सवलत इस्राएली विमानांना नव्हती. गंमत म्हणून सांगतो, दिल्ली ते लोद आणि मुंबई ते लोद ही दोन्ही अंतरे जवळजवळ सारखीच आहेत. तरी दिल्लीचे भारतीय विमान सौदीवरून जाई आणि मुंबईचे इस्राएली विमान येमेनला वळसा घाली. अंतर सारखे, वेळ वेगळा, आणि कारण केवळ विमानाच्या शेपटीवरील निशाणी.

त्यानंतर २०२० साल उजाडले. २९ ऑगस्ट रोजी अमिरातींनी १९७२ चा बहिष्काराचा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट रोजी एल आलचे विमान बेन गुरियनहून निघून सौदीवरून अबुधाबीला गेले. त्याच्या खिडकीवर अरबी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषांत ‘शांती’ हा शब्द रंगविला होता. उड्डाणाचा क्रमांक ९७१ होता, जो अमिरातींचा दूरध्वनी क्रमांक आहे. परतीचा ९७२ होता, जो इस्राएलचा. सुमारे तीन तास वीस मिनिटांत ते पोहोचले. सौदीने वाट दिली नसती तर दुपटीहून अधिक वेळ लागला असता. १५ सप्टेंबरला वॉशिंग्टन येथे अब्राहम करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या. २६ नोव्हेंबर २०२० पासून फ्लायदुबई कंपनीने दुबई ते तेल अवीव अशी नियमित सेवा सुरू केली. २०२१ मध्ये अबुधाबीहून एतिहाद आणि जून २०२२ मध्ये दुबईहून एमिरेट्स तिला येऊन मिळाल्या.

थेट मुंबईच्या वाटेला मात्र आणखी एक फाटक होते. जुलै २०२२ मध्ये सौदीने आपले आकाश सर्व देशांच्या विमानांना खुले केले, तरी इस्राएली विमानाला अरबी समुद्राकडे बाहेर पडण्यासाठी ओमानवरून जावे लागणार होते. दार उघडले, अंगणाचे फाटक बंद राहिले. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओमाननेही परवानगी दिली. त्या दिवशी पृथ्वीगोलावरचा आपला दोरा प्रथमच टोकापासून टोकापर्यंत मोकळा झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्या भाषेत देतो, कारण ते घरोघरी उपयोगी पडेल. अडथळा नसेल तर मुंबई ते लोद थेट उड्डाणास साडेपाच ते सहा तास पुरतात. दुबईमार्गे मुंबई-दुबई सव्वातीन तास, दुबई-तेल अवीव सुमारे तीन तास वीस मिनिटे, आणि मध्ये थांबण्याचा वेळ. येताना प्रत्येक टप्प्यात थोडा वेळ वाचतो, कारण उंच आकाशात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठ देतो. हिवाळ्यात हा फरक अधिक जाणवतो.

घड्याळाचाही हिशेब ध्यानात ठेवावा. दुबई आपल्याहून दीड तास मागे आहे. इस्राएल हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असते. समजा, हिवाळ्यातील शुक्रवारी पहाटे चार वाजता विमान मुंबईहून निघाले आणि दुबईला तीन तास थांबावे लागले. एकूण नऊ तास पस्तीस मिनिटांनी ते लोदला उतरेल, तेव्हा तेथे सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे झालेली असतील. सामान घेऊन रामल्याला पोहोचून शब्बाथचे दिवे लावायला सवड राहते. आमच्या चुलत आजोबांना नऊ दिवस लागले होते. २०२२ मध्ये माझ्या आत्या रामल्यात वारल्या, तेव्हा त्यांचा मुंबईचा भाचा दुबईमार्गे गेला आणि सुतकाच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर जमिनीवर बसला. विमानाचा वेग १९८० पासून फारसा वाढलेला नाही. माणसांनी माणसांना दिलेली परवानगी तेवढी बदलली.

म्हणूनच ही वाट आता कायमची आपली झाली, असे कोणी समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर कित्येक विमान कंपन्यांनी तेल अवीवची उड्डाणे थांबविली. अमिरातींमधून जाणारी वाट त्या कठीण महिन्यांतही पूर्णपणे तुटली नाही आणि अनेक कुटुंबांना तिचाच आधार झाला. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटले तेव्हा बेन गुरियन विमानतळच बंद ठेवावा लागला. त्या दिवसांत चार हजार पन्नास किलोमीटर पुन्हा अपार झाले. १९३२ ची साखळी सोळा वर्षांत तुटली होती, हे आपण विसरता कामा नये. जाण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे, आणि जाता येते तोवर जाऊन यावे. वृद्ध नातलगांच्या भेटी ‘पुढच्या वर्षी’वर टाकू नयेत.

शेवटी रंबाम. अबुधाबीच्या सादियात बेटावर २०२३ मध्ये ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’ उघडले. तेथे एक मशीद, एक चर्च आणि एक सिनॅगॉग एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. त्या सिनॅगॉगला मोशे बेन मायमोन यांचे नाव दिले आहे. ज्यांचा भाऊ आपल्या समुद्रात बुडाला आणि ज्यांनी दूरवर राहून आपल्या शब्बाथची नोंद केली, त्यांच्या नावाची वास्तू आपल्या दोन घरांच्या वाटेवर, जवळजवळ मध्यावर उभी आहे. ते नाव देणाऱ्यांच्या मनात कोकणातले आपण नसू. पण तेथून जाणाऱ्या बेने इस्राएल प्रवाशाने क्षणभर थांबून दावीद बेन मायमोनची आठवण करावी, आणि जे वेळेवर पोहोचू शकले नाहीत त्या आपल्या सर्व आजोबा-आजींचीही करावी.

मुलाला मी आता उत्तर देईन. बाळा, लोद चार हजार पन्नास किलोमीटर दूर आहे. वाट उघडी असली तर ते सकाळपर्यंत येते, बंद असली तर जन्मभर येत नाही. आज उघडी आहे का, ते पाहा आणि तुझ्या आजीच्या बहिणीला फोन कर.